पहिल्या रविवारचा बाण

शनिवार, १ मार्च

खटपट्या,

उद्या सकाळी तू येशील तेव्हा ही फाइल उघडीच असेल. पडद्याच्या मधोमध ठेवली आहे, अक्षरंही मोठी केली आहेत. तरी दिसली नाही म्हणालास तर डोळे तपासून घे.

"येशील" म्हणजे काय ते तुलाही कळतं आणि मलाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, माउसला कुणाचा हात नसताना, पडद्यावरचा बाण हलायला लागतो. कोपऱ्यात जोडणी झाल्याची ती छोटी चौकट उमटते. मग बाण इकडे जातो, तिकडे जातो, साठलेला कचरा काढतो, व्हायरसची तपासणी लावतो, माझ्या फोटोंची दुसरी प्रत करून ठेवतो आणि काम संपलं की गुपचूप निघून जातो. तिकडे बसून इकडचा संगणक चालवायची ही सोय तू घर सोडायच्या आधीच करून ठेवली होतीस. "आत्या, पहिल्या रविवारी सकाळी तेवढा चालू ठेवत जा," असं म्हणाला होतास. पुढे तू घर सोडलंस, बापाशी बोलणं टाकलंस, माझे फोन घ्यायचे बंद केलेस. संदेश पाठवला की उत्तरादाखल एक अंगठा येतो. पण रविवार तू चुकवला नाहीस, आणि मीही संगणक कधी बंद ठेवला नाही.

तुला वाटत असेल, आत्या त्या वेळी स्वयंपाकघरात असेल. आत्या खुर्ची ओढून समोर बसलेली असते, हातात चहाचा कप घेऊन. बाण कसा चालतो त्यावरून मला तुझी तब्येत कळते. मागच्या थंडीत एकदा तो फार रेंगाळत होता, एकाच जागी दोनदा जात होता. नक्की ताप होता तुला. औषध घेतलंस का, हे विचारायला माझे हात शिवशिवत होते, पण मी काही केलं नाही. सगळं आयुष्य टेलिफोन एक्सचेंजमध्ये बोर्डासमोर गेलं माझं. दोघांची तार जोडून द्यायची आणि आपण मधून बाजूला व्हायचं, ही सवय हाडात मुरलेली आहे.

आता मात्र बोलावं लागतंय, कारण पेपरात बातमी आली आहे. तू वाचली असशीलच. आपल्या संगणकात जी प्रणाली आहे, तिच्या सुधारणा जूनअखेर बंद होणार. म्हणजे जुलैपासून त्यात नवीन भोकं पडली तरी बुजवायला कुणी येणार नाही, असं दुकानदारानं मला समजावलं. तो म्हणाला, "मावशी, हा डबा नव्या प्रणालीला पेलणार नाही, नवीनच घ्या." मी विचारलं, नव्यात ती बाहेरून चालवायची सोय राहील का? तर म्हणे राहील, पण बाहेरचं कुणी आत येऊ लागलं की नवा संगणक दर वेळी नाव दाखवून विचारतो, यांना येऊ द्यायचं का. इकडे कुणीतरी "हो" म्हणायचं, तेव्हाच आत.

तुझं नाव पडद्यावर उमटल्यावर तू थांबशील का रे? की चौकट यायच्या आधीच पळ काढशील? मला माझ्या भाच्याची खात्री आहे. ओल्या पायांनी मागच्या दारानं घरात शिरायचास तू, पुढचं दार उघडं असलं तरी.

तर माझी अडचण ही आहे. संगणक गेला तर जाऊ दे, तो काही माझा पोटचा नाही. पण जूननंतर तू या घरात कुठून येणार?

आत्या

ता. क. मराठीत दोन शब्दांमध्ये जास्तीची जागा सुटते ती माझ्या हातून सुटत नाही, स्पेसबार अडकतो. कीबोर्ड उलटा करून झटकला, तुझ्याच युक्तीप्रमाणे. बिस्किटाचा चुरा निघाला. बिस्किटं मी खात नाही. कोण खातं ते ओळख.


शनिवार, ५ एप्रिल

खटपट्या,

वाचलंस तू. नाही म्हणू नकोस, मी समोर बसले होते. बाण फाइलीवर आला आणि थिजला. माझा चहा गार झाला. मग पान सरकलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली. शेवटी तू काय केलंस? मी लिहिलेली अक्षरं आणखी मोठी केलीस आणि निघून गेलास. बरं केलंस, माझे डोळे अधू झालेत. पण एक ओळ लिहिली असतीस तर तुझी बोटं झिजली नसती.

रागावले नाही. म्हणजे रागावले होते, पण मंगळवारपर्यंत राग उतरला.

मंगळवार म्हटलं की अजूनही पेपर उघडून आधी आतलं पान बघते. त्या कोपऱ्यात आता राशिभविष्य येतं. "मंगळवारची युक्ती" हे तुझं संगणकाचं सदर यायचं तेव्हा गल्लीतले लोक मला रस्त्यात अडवून विचारायचे, "काय, या आठवड्यात काय पास केलंत?" आपली ती चाचणी सगळ्यांना माहीत होती. तू युक्ती लिहायचास, कागद माझ्या हातात द्यायचास आणि माझ्या मागे उभा राहायचास, हात पाठीमागे बांधून. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, माझ्या खुर्चीला धक्काही लावायचा नाही. मी कागदावर लिहिलंय तेवढंच करणार. अडले तर युक्ती नापास, आणि नापास युक्ती दुरुस्त करून पहिल्या पायरीपासून पुन्हा. जमली तर मी लाल पेन्सिलीनं कोपऱ्यात "झालं" लिहायची, आणि ते असल्याशिवाय कागद पेपरच्या कचेरीत जायचा नाही.

तू एकदा लिहिलं होतंस, "संगणक पुन्हा सुरू करा आणि थोडा वेळ थांबा." मी नापास केलं. थोडा म्हणजे किती? तू पाय आपटलेस. मग चिडून लिहिलंस, "एक कप चहा होईपर्यंत थांबा." पास. ते छापून आलं आणि लोकांना एवढं आवडलं की पुढे प्रत्येक युक्तीत चहा आला. एका गृहस्थांनी पेपरला पत्र पाठवून विचारलं होतं, चहा बिनदुधाचा धरायचा की दुधाचा. तू खाली उत्तर छापलंस, "आत्याला विचारून कळवतो." त्या दिवशी दादा, तुझा बाप, किती हसला होता. पोट धरून, टाइपरायटरवर डोकं टेकून. तू तेव्हा दारात उभा होतास. आठवतं का?

दादाला तुझं कौतुक नव्हतं असं तू मनात धरून बसला आहेस, म्हणून हे सांगितलं.

आता त्या शेवटच्या मंगळवाराबद्दल. या घरात तो विषय कुणी काढत नाही आणि मला आता न काढता जमत नाही. तू लिहिलं होतंस, टाइप करायची गरजच उरली नाही, माइकसमोर बोला, संगणक लिहील. पायऱ्या नीट होत्या. माझ्या चाचणीत पास झाली. दुपारी पुढच्या खोलीत दादाचा टायपिंगचा वर्ग भरला होता. भरला म्हणजे काय, रांगेत एवढी यंत्रं आणि समोर दोन-तीन मुली. त्यातल्या एकीची आई हातात तेच कात्रण घेऊन आली आणि म्हणाली, "सर, मग आता हिनं शिकून करायचं काय?" बाई चांगली होती, खरंच विचारत होती. दादानं ते कात्रण तिच्याकडून मागून घेतलं.

तो आत आला. "माझं आयुष्य तू एका कोपऱ्यातल्या चौकटीत निकालात काढलंस," म्हणाला. तू म्हणालास, "बाबा, वर्ग कधीच संपलाय. तुम्ही रिकाम्या खुर्च्या पुसत बसलाय, आणि ते तुम्हाला सांगायची कुणाची छाती नाही म्हणून मी सांगतो." मग तो म्हणाला, "नीघ." आणि तू खरंच निघालास.

मी तेव्हा कुणाची बाजू घेतली नाही. आताही घेणार नाही. युक्ती बरोबर होती. आज पुन्हा लिहून आणलीस तर पुन्हा पास करीन. आणि दादाचं दुखणंही बरोबर होतं. दोन्ही गोष्टी एकाच घरात मावत नाहीत, असं तुम्हा दोघांना वाटलं. घर तर एवढं मोठं आहे, निम्मं रिकामं पडलंय.

वर्ग त्याच वर्षी बंद झाला. यंत्रांवर रेक्झिनच्या खोळी चढल्या. फक्त खिडकीजवळचं एक उघडं असतं. दिवाणखान्यात बसलं की दुपारी खट्, खट् ऐकू येतं, मग थांबतं, मग कागद ओढून काढल्याचा आवाज येतो. थंडीपासून त्याची बोटं थरथरतात. एक कळ दाबायला जातो, दोन दाबल्या जातात. ज्या माणसानं अख्ख्या गावाच्या बोटांना वळण लावलं, त्याच्या बोटांची ही गत. टोपलीतले कागद मी केर काढताना बघते. त्यांवर वरच्या कोपऱ्यात "चि." एवढंच उमटलेलं असतं, पुढे कोरं. या घरातून "चि." नं सुरू होणारं पत्र आणखी कुणाला जाणार, सांग.

आत्या


शनिवार, ३१ मे

खटपट्या,

एप्रिलच्या रविवारी तू उत्तर लिहिलंस. माझ्या पत्राखाली, एका ओळीत: "आत्या, नवीन संगणक घे, जुना जूनअखेर नेटवरून काढ, फायली बाहेरच्या डिस्कवर घे, मी ठीक."

माहिती बरोबर आहे, आणि नापास. हे मला दुकानदारानं फुकट सांगितलं होतं. मी विचारलं काय आणि तू सांगितलंस काय? म्हणून मे महिन्यात मी मुद्दाम काही लिहिलं नाही. तूही नाही. बाण आला, केर काढला, गेला. दोन मुकी माणसं समोरासमोर बसल्यासारखे आपण बसलो होतो.

आज मी हे लिहायला घेतलं तेव्हा दादा मागे येऊन उभा राहिला. बिस्किट खात होता. म्हणाला, "उद्या पहिला रविवार ना? येईल तो."

मी वळून बघितलं. "कोण येईल?"

"बाण," म्हणाला. आणि वर मलाच, "तुला काय वाटलं, मला दिसत नाही?"

मग म्हणाला, ऊठ. मी उठले. तो खुर्चीत बसला आणि घडाघडा बोलायला लागला: वरच्या पट्टीत माइकचं चित्र आहे ते दाबा, दिवा लाल झाला की बोलायला सुरुवात करा, तोंड माइकपासून वीतभर लांब ठेवा. तुझी युक्ती, खटपट्या. शब्द न शब्द. म्हणाला, "बघतेस काय? इतक्यांदा वाचलीय की रागानं का होईना, पाठ झालीय."

त्यानं चित्र दाबलं. मी काय करणार? नियम तो नियम. मी मागे उभी राहिले आणि हात पाठीमागे बांधले. खाली जे आहे ते त्याचं आहे. मी त्यातला एक कानाही हलवलेला नाही.

चि खटपट्या नाही ते नको त्याचं नाव घाल अगं हा मी बोलतोय ते सगळंच लिहितोय थांब जरा चिरंजीव मी तुझी युक्ती वापरतोय बोटं चालत नाहीत म्हणून हे सांगायचं नव्हतं हे पूस पूस म्हटलं ना हा पुसत का नाही तू हसू नकोस हात मागे का बांधलेस बोल की काहीतरी बरं नको बोलूस तर वर्ग संपला होता हे मला माहीत होतं तुझ्या आधीपासून माहीत होतं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हो म्हणालो असतो तू म्हणालास म्हणून लागलं तुला यंत्रावर बसायला मी शिकवलं होतं मांडीवर घेऊन तुझे पाय लोंबकळायचे नीघ म्हणालो तेव्हा मला वाटलं जिन्यापर्यंत जाशील आणि येशील मी जिन्यात दिवा ठेवला होता हे लिहू नकोस हे आपल्या दोघांतलं आहे दर पहिल्या रविवारी मी गॅलरीत उभा असतो तिथून काचेत पडदा दिसतो बाण आला की मग आत येतो आता हे बंद कसं करायचं त्याच्या युक्तीत बंद करायचं नव्हतंच लिहिलेलं हे मी तेव्हाच त्याला म्हणणार होतो बंद हो अरे बंद हो चहा टाक गं

शेवटी वैतागून त्यानं माइकची वायर उपटली. मग पडद्याकडे बघत बसला. वाचत गेला तसे त्याचे कान लाल झाले. "हे सगळं पुसून टाक," म्हणाला. मी म्हटलं, मी चाचणीत मागे उभी आहे, मला हात लावता येत नाही, कसं पुसायचं ते तुला येत असेल तर तू पूस. त्यानं कीबोर्डवर हात नेला. पुसायची कळ कुठे आहे हे त्याला माहीत आहे, टायपिंगच्या मास्तरला ते सांगावं लागत नाही. हात तिथे ठेवला बराच वेळ. मग म्हणाला, "राहू दे आता. उद्या बघू," आणि उठून गॅलरीत गेला.

म्हणून राहिलं आहे. उद्या तू बघ.

आत्या


रविवार, १ जून

तू गेल्यावर लगेच लिहायला बसले आहे. विसरायच्या आत.

दादा आज गॅलरीत गेला नाही. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसला. मी म्हटलं, तो आपल्याला बघू शकत नाही, फक्त पडदा दिसतो त्याला. म्हणाला, "माहीत आहे मला."

बाण आला. माझ्या पत्रावरून खाली उतरला. दादाच्या मजकुरापाशी थांबला. मग एकदम तो सगळा मजकूर निळा झाला, पहिल्या "चि" पासून शेवटच्या "गं" पर्यंत. दादानं माझं मनगट धरलं. "पुसतोय," म्हणाला. मलाही तसंच वाटलं. निळ्यावर एक कळ दाबली की सगळं जातं, हे मला तूच शिकवलंस. आम्ही दोघं श्वास धरून बसलो. निळं तसंच राहिलं. पुसलं गेलं नाही. कुणी कुणाच्या पाठीवर हात ठेवून नुसतं उभं राहतं ना, तसं ते निळं राहिलं. मग आपोआप मावळलं.

आणि खाली अक्षरं उमटायला लागली. एक लिहायचास, खोडायचास, पुन्हा लिहायचास. दादा पुटपुटला, "डाव्या हाताचं अनामिकेचं बोट अजून आळशी आहे याचं." त्याला बोटं दिसत नव्हती, पण अक्षर उमटायच्या वेळेवरून कळलं म्हणे.

तू जे लिहिलंस ते दुकानातून छापून आणून भिंतीला लावणार आहे. इथेही राहू दे.

मंगळवारची युक्ती

दुरुस्ती: आवाजाने लिहिण्याच्या युक्तीत एक पायरी राहून गेली होती. बोलून झालं की माइकचं चित्र पुन्हा एकदा दाबा. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल लेखक दिलगीर आहे. एका वाचकाच्या बाबतीत फारच.

या वेळची युक्ती: जुना संगणक बंद करताना

१. महिन्याचा शेवटचा रविवार ठरवा.
२. सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्रत उघडून बघा. उघडून न बघितलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नका.
३. संगणक नीट बंद करा. पडदा काळा होईपर्यंत बटणाला हात लावू नका.
४. इंटरनेटची वायर काढा.
५. तीन कप चहा होईपर्यंत थांबा.
६. बेल वाजली की दार उघडा.

ही युक्ती बाबांनी करायची आहे. आत्याने हात मागे बांधून उभं राहायचं आहे.

दादानं वाचलं. पुन्हा वाचलं. "तीन कप का?" मला विचारलं. मी तिसरा कप काढून पुसायला घेतला. तो उठून पुढच्या खोलीत गेला आणि यंत्रांवरच्या खोळी झटकायला लागला.


रविवार, २९ जून

खटपट्या,

तू आणि दादा नव्या संगणकासाठी लांब वायर आणायला खाली गेला आहात. तुम्ही दोघं गेलात म्हणजे सुतळीच्या गुंडाळीपासून पडद्याच्या फडक्यापर्यंत सगळं बघत बसणार, तेव्हा मला वेळ आहे. जुन्या संगणकावर लिहिते आहे. त्याची नेटची वायर काढलेली आहे, आता त्यात बाण येणार नाही. आल्यावर तुला इथेच खुर्चीत बसवून वाचायला लावणार आहे. चाचणीचा निकाल लेखकाला लेखी द्यायचा असतो.

सकाळी दादानं भिंतीवरचा कागद काढून हातात घेतला. मी मागे उभी राहिले. पहिली पायरी आपोआपच झाली. दुसरीला फार वेळ लागला. थरथरत्या बोटानं एकदा दाबायला जावं आणि दोनदा दाबलं जावं, असं करत एकच फोल्डर किती वेळा उघडलं त्याचा हिशेब नाही. माझे हात पाठीमागे एकमेकांना चिमटे काढत होते. पण त्यानं प्रत घेतली, आणि उघडूनही बघितली. त्यातला तुझा तो फोटो उघडला, शाळेतल्या बक्षिसाचा, ज्यात तू रडतोयस. तोच का उघडला ते त्याला विचार.

तिसरी पायरी चोख झाली. पडदा काळा होईपर्यंत त्यानं हात मांडीवर ठेवले होते. चौथ्या पायरीला त्यानं वायर काढून हातावर गुंडाळली. "आता नाही यायचा बाण," म्हणाला. मग त्यानं जाऊन एका टाइपरायटरची खोळ आणली आणि संगणकावर घातली. तोकडी पडते, खालून बटणं दिसतात. तरी घातली; मी आत्ता लिहिण्यापुरती काढली आहे.

पाचव्या पायरीवर गंमत झाली. माझे हात बांधलेले, म्हणजे चहा कुणी करायचा? दादानं कागद उलटसुलट करून बघितला. मग स्वतः स्वयंपाकघरात गेला. या घरात त्यानं चहा केलेला मी वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदा बघितला. साखरेच्या डब्याऐवजी मिठाचा उघडला, वास घेतला, ठेवून दिला. आधण ठेवलं. आणि आधण ठेवून थेट बाहेरच्या दाराकडे गेला आणि दार उघडलं.

मला बोलता येत नव्हतं. नाहीतर मी ओरडले असते की पाचवी पायरी पुरी व्हायची आहे, बेल वाजायची आहे, सहावीवर कसला उडी मारतोस. तो उंबऱ्याबाहेर जिन्याकडे तोंड करून उभा राहिला. आत आला, आधण बघितलं, पुन्हा दारात. दार मात्र लावलं नाही. चहा उतू गेला, त्याचा करपट वास घरभर झाला, तरी तो जिन्याकडे बघत उभा. भर दिवसा त्यानं जिन्यातला दिवा लावला होता.

मग तुझी पावलं वाजली. नव्या संगणकाचं खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, वरून नुसते केस दिसत होते. तुझे केस पांढरे झालेत रे, हे बाणावरून कधी कळलं नाही मला. तू वर आलास आणि दारात तुला बाप दिसला. तो म्हणाला, "जड आहे?"

तू म्हणालास, "नाही."

"मग एवढी धाप का लागलीय?" असं म्हणून त्यानं खोक्याची एक बाजू धरली. थरथरत्या हातांनी. तू ते हात बघितलेस आणि खोकं खाली ठेवायच्या ऐवजी तसंच धरून राहिलास. बराच वेळ तुम्ही दोघं ते खोकं घेऊन उंबऱ्यावर उभे होतात, ना आत ना बाहेर. मी मागे उभी होते, हात बांधलेले. डोळे पुसायलाही सोडता येत नव्हते. हा नियम कुणी केला, असं मनात आलं. मीच केला होता.

चहा पुन्हा टाकावा लागला. तो मी केला.

तर आता निकाल. कागदावर लिहिलं होतं, बेल वाजली की दार उघडा. बेल वाजलीच नाही. वाजणार कशी? तुझे दोन्ही हात खोक्यात गुंतलेले, आणि दार आधीपासून उघडं. शेवटची पायरी लिहिल्याप्रमाणे झालेली नाही. पाचवीही नाही. "झालं" मी लिहू शकत नाही. लाल पेन्सिल शोधून ठेवली होती, ती परत खणात टाकली आहे.

युक्ती नापास. आणि नियम तुला माहीत आहे, नापास युक्ती पहिल्या पायरीपासून पुन्हा करून बघावी लागते, लेखकाच्या समक्ष. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार मोकळा ठेव. दादालाही तसं सांगितलंय. तो म्हणाला, एकदा करून जमेल असं त्याला वाटत नाही, दोन-चारदा तरी करावी लागेल.

जिन्यात पावलं वाजताहेत तुमची. वायर आखूड आणली की काय म्हणून भांडताय. येताना दार लोटू नका.

आत्या